कुल्ल्याचे बळ : कमजोर आणि असमान खुबा ओळखावा कसा, सुधारावा कसा



या पानावर आम्ही नेहमी बेण्याविषयी, खताच्या मात्रेविषयी, पाण्याच्या पाळीविषयी लिहितो. या अंकात विषय थोडा वेगळा आहे. ऊस पिकवणाऱ्या, तोडणाऱ्या आणि वाहणाऱ्या माणसाच्या शरीराविषयी लिहायचे आहे. ऊस विकास खात्याचा आणि माणसाच्या कुल्ल्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो अगदी जवळचा आहे.

ऊस जमिनीलगत तोडावा, हे आमचे कायमचे सांगणे. पक्व उसात साखर बुडख्याकडे जास्त असते. चार बोटे खोड शेतात राहिले तर तेवढी साखर शेतातच राहते. शिवाय जमिनीलगत तोडलेल्या खोडाचे कोंब मातीखालून जोमाने फुटतात आणि खोडवा चांगला येतो. हे सांगणे बरोबरच आहे. पण जमिनीलगत तोडायचे म्हणजे गड्याला दिवसभर वाकायचे आले. आणि एकदा वाकायला सांगितले की वाकावे कसे, कोणत्या जोरावर, हेही सांगणे ओघाने आलेच. माणूस कमरेने वाकतो असे आपण म्हणतो. पण वाकायचे असते खुब्यात, आणि वर उठायचे असते कुल्ल्याच्या जोरावर. तो जोर कमी पडला की भार कमरेवर आणि गुडघ्यावर जातो.

हा प्रश्न केवळ कोयत्यावरच्या लोकांचा नाही. आपल्याकडे खडकवासल्याचे नाव निघाले की धरण आणि कालव्याचे पाणी आठवते. पण त्याच खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिची कोनशिला ६ ऑक्टोबर १९४९ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते बसली आणि १६ जानेवारी १९५५ रोजी तिचे उद्घाटन झाले. तीन वर्षे तेथे धावणे, कवायत, पाठीवर ओझे घेऊन चालणे अखंड चालू असते. मुलींची पहिली तुकडी २०२२ साली दाखल झाली, आणि त्यातल्या १७ जणी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडल्या. त्यांचे पाहून आता गावोगावच्या पोरीही पहाटे धावू लागल्या आहेत. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. कालव्याच्या भरावावर सकाळी गेले तर ही मंडळी दिसतात. जवळच सिंहगड. समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीचा तो गड दर रविवारी शेकडो लोक पायी चढतात. ही सारी अंगमेहनतीची माणसे. तरीही यांच्यातच गुडघा दुखणे, कंबर धरणे, एका बाजूचा खुबा ठणकणे या तक्रारी ऐकू येतात. काम तर भरपूर, मग कमजोरी कशी? याचा उलगडा पुढे करीत आहोत.

रचना समजून घेऊ

कुल्ल्यात मुख्य तीन स्नायू असतात. सर्वांत वरचा आणि मोठा तो महानितंब स्नायू. अख्ख्या शरीरातला हा सर्वांत मोठा स्नायू होय. वाकलेले धड सरळ करणे, चढ चढणे, बसल्याचे उठणे, जोरात धावणे ही याची कामे. याच्या वरच्या बाहेरच्या बाजूला मध्यम नितंब स्नायू आणि त्याच्याखाली लघु नितंब स्नायू असतो. हे दोघे आकाराने लहान, पण काम मोठे. आपण एका पायावर उभे राहिलो की कमरेचा हाडाचा कटोरा दुसऱ्या बाजूला कलू न देणे, हे ते काम. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एका पायावर असतो. धावताना तर दोन्ही पाय कधीच एकदम टेकत नाहीत. म्हणजे हजारो पावलांत हजारो वेळा या स्नायूंना कटोरा तोलून धरावा लागतो.

किती जोर लागतो ते हिशेबाने पाहू. गडी ६० किलोचा आहे. एका पायावर उभा राहिला, तर टेकलेला पाय वगळून वरचे वजन सुमारे ५० किलो. हे वजन खुब्याच्या सांध्यापासून जेवढ्या अंतरावर लोंबते, त्याच्या निम्म्याच अंतरावरून स्नायूला दुसऱ्या बाजूने ओढायचे असते. पहारीने धोंडा उलथताना टेकू कोठे ठेवायचा हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. तोच हा न्याय. अंतर निम्मे म्हणून जोर दुप्पट, म्हणजे १०० किलो. सांध्यावर दोन्ही मिळून दीडशे किलोचा दाब. म्हणजे नुसते चालतानाही खुब्यावर अंगच्या वजनाच्या अडीच पट भार येतो. त्यात डोक्यावर २० किलोची मोळी धरली, तर स्नायूला आणखी ४० किलोचा जोर लावावा लागतो.

आता एका हातात दुधाची किटली किंवा पाण्याची बादली घ्या. ओझे उजव्या हातात असेल तर ताण कोणत्या खुब्यावर? पुष्कळ लोक उजव्या म्हणतील. तसे नाही. डावा पाय टेकलेला असताना ते ओझे डाव्या खुब्यापासून फार लांब लोंबते, म्हणून डाव्या कुल्ल्याला फार मोठा जोर लावावा लागतो. म्हणूनच आपण बादली नेताना आपोआप उलट बाजूला कलतो. वर्षानुवर्षे एकाच हाताने ओझे वाहणाऱ्याच्या दोन्ही बाजू सारख्या कशा राहतील?

अंग चोरणारा बैल

जुवाला जुंपलेल्या दोन बैलांतला एक अंग चोरू लागला तर गाडी थांबत नाही. ती चालत राहते. पण जू तिरके होते, दुसऱ्या बैलाच्या मानेला गाठ येते, आणि धनी म्हणतो हा चांगला बैल का बसला? शरीरातही असेच होते. कुल्ल्याचा जोर कमी पडला तरी काम अडत नाही. मांडीचा मागचा स्नायू आणि कमरेचे स्नायू ते काम उचलतात. दुखते मात्र त्यांना. मग आपण कमरेला मलम चोळतो, आणि अंग चोरणारा तसाच राहतो. अंगमेहनतीच्या माणसात कमजोरी राहते ती अशी. श्रम भरपूर होतात, पण ज्याने करायचे त्याच्या वाट्याला ते येत नाहीत.

काही जण म्हणतात, कुल्ल्याचा स्नायू झोपतो. बोलण्यापुरते ठीक आहे. पण शीर शाबूत असेल तर स्नायू कधी झोपत नाही. तो कमी वापरला जातो, किंवा जवळपास दुखणे असल्यामुळे मज्जासंस्था त्याला पुरता जोर लावू देत नाही. दोन्ही गोष्टी सुधारतात.

असमानपणा का येतो?

१) एकाच बाजूचे काम. कोयता उजव्या हातात, डावा पाय नेहमी पुढे. ट्रॅक्टरवर तासन् तास एकाच बाजूला वळून मागे पाहणे. मूल नेहमी एकाच कडेवर घेणे. घागर एकाच बाजूला घेणे.

२) उताराचा रस्ता. डांबरी रस्त्याची कड किंवा कालव्याचा भराव बाजूला उतरता असतो. रोज त्याच कडेने, त्याच दिशेने धावले की एक पाय वर आणि एक खाली पडतो.

३) जुनी दुखापत. घोटा मुरगळला, गुडघ्याला मार लागला. दुखणे बरे झाले तरी त्या बाजूला भार न देण्याची सवय मागे उरते.

४) दीर्घकाळ बसणे. दिवसभर कचेरीत किंवा मोटारीत बसून रविवारी एकदम गड चढणाऱ्यांचा हा प्रकार. पैशाचे पाकीट मागच्या खिशात ठेवून बसणेही वाईट; त्याने एक बाजू उचलली जाते आणि तिथली शीर दबते.

५) शिरेचे कारण. मणक्यातली चकती सरकून शीर दबली तर मध्यम नितंब स्नायू कमजोर होतो, बहुधा पायाचा पंजाही वर उचलताना कमी पडतो. कुल्ल्यात चुकीच्या जागी सुई टोचल्यानेही पायाच्या मुख्य शिरेला इजा होते. म्हणूनच तान्ह्या मुलांच्या लसी आता मांडीच्या पुढच्या बाहेरच्या भागात देतात. ऊठसूट कुल्ल्यात इंजेक्शन मागू नये.

६) पोलिओ. लचकत चालणारी वडीलधारी माणसे आपण पाहतो. त्यांतल्या अनेकांचा मध्यम नितंब स्नायू लहानपणीच्या पोलिओने गेलेला असतो. भारतात निसर्गतः पसरणाऱ्या पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त ठरला. पण जुन्या रुग्णांनी व्यायाम वैद्यकीय सल्ल्यानेच करावा. अति श्रमाने त्यांचा उरलासुरला स्नायू थकतो.

एक खुलासा करतो. उजव्या-डाव्यात थोडा फरक सर्वांतच असतो. दोन पायांच्या लांबीत सेंटिमीटरच्या आतला फरक तर पुष्कळांत असतो आणि बहुधा तो काही त्रास देत नाही. फरक आहे म्हणून घाबरू नये. फरकाबरोबर दुखणे, लचक किंवा लवकर थकणे असेल तर लक्ष द्यावे.

घरच्या घरी परीक्षा

पहिली परीक्षा. आरशासमोर किंवा घरच्या माणसासमोर उभे राहा. एक पाय मागे उचलून दुसऱ्या पायावर ३० सेकंद थांबा. उचललेल्या बाजूची कंबर खाली पडली, तर कमजोरी टेकलेल्या पायाच्या कुल्ल्यात आहे. येथे बरेच जण फसतात. पडलेली बाजू कमजोर समजतात. कंबर न पडता सारे धडच टेकलेल्या पायाकडे कलले तरी अर्थ तोच. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १८९५ साली ही खूण वर्णिली. आजही डॉक्टर हीच परीक्षा घेतात.

दुसरी परीक्षा. वीतभर उंचीच्या पायरीवर एका पायाने उभे राहून दुसऱ्या पायाची टाच हळूहळू जमिनीला टेकवा. वरच्या पायाचा गुडघा आत वळत असेल तर कुल्ला त्याला सांभाळत नाही. धावणाऱ्या मुलींच्या गुडघ्याच्या वाटीमागच्या दुखण्यात हे विशेष दिसते. अशा वेळी केवळ गुडघ्याचे व्यायाम करण्यापेक्षा खुब्याचे व्यायाम जोडीला घेतले तर आराम जास्त पडतो.

तिसरी परीक्षा. उताणे झोपून, गुडघे मोडून कंबर उचला आणि एक पाय सरळ करा. १० सेकंद थांबा. मग दुसऱ्या पायाने करा. कोणत्या बाजूला कंबर थरथरते, कोठे मांडीत गोळा येतो, ते लिहून ठेवा. आपण उसाची उगवण मोजतो तशी ही नोंद समजा. नोंद नसेल तर सुधारणा झाली की नाही हे कळणार कसे?

सुधारणेचे व्यायाम

१) कंबर उचलणे. उताणे झोपा. टाचा कुल्ल्यापासून वीतभर अंतरावर. टाचांनी जमीन दाबून, कुल्ले आवळून कंबर उचला. खांदा ते गुडघा एक रेघ दिसावी. ५ सेकंद थांबा. कमरेला कमान देऊ नका. मांडीच्या मागे गोळा येत असेल तर टाचा आणखी जवळ घ्या.

२) गुडघा उघडणे. कुशीवर झोपा, दोन्ही गुडघे मोडलेले, टाचा एकमेकींना चिकटलेल्या. कंबर मागे न लवंडता वरचा गुडघा उघडा आणि हळू मिटा.

३) कुशीवर पाय उचलणे. वरचा पाय सरळ, किंचित मागे. टाच पुढे काढून हातभर उचला. अंगठा आकाशाकडे वळवला की काम पुढच्या स्नायूकडे जाते, म्हणून तसे करू नका.

४) काठी लावून वाकणे. आमच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा. एक सरळ काठी पाठीमागे उभी धरा. ती डोके, पाठ आणि माकडहाड अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. गुडघे थोडे सैल सोडा, कुल्ले मागे ढकला आणि पुढे वाका. काठी तिन्ही जागी टेकलेली राहिली तर वाकणे खुब्यात झाले. एखाद्या जागी सुटली तर पाठीत झाले. उठताना कुल्ले आवळून उठा.

५) पायरी. वीतभर पायरीवर एका पायाने चढा आणि तीन मोजत हळू उतरा. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा.

तालमीत वाढलेले गडी विचारतील, आम्ही रोज बैठका मारतो, मग हे कशाला? टाचा उचलून, गुडघे पुढे काढून मारलेल्या बैठकांचा मुख्य जोर मांडीच्या पुढच्या भागावर पडतो. त्या चांगल्याच आहेत. त्यांना वरचा चौथा व्यायाम जोडावा, म्हणजे मागची बाजूही भरेल.

वेळापत्रक

आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड. पहिले दोन आठवडे क्रमांक १, २ आणि ३. तिसऱ्या आठवड्यापासून ४ आणि ५ जोडा. प्रत्येक व्यायाम ८ ते १२ वेळा, असे दोन किंवा तीन फेरे. सहज १२ झाले की थोडे अवघड करा. कंबर एका पायाने उचला, किंवा हातात वजन घ्या. अनेक महिने त्याच १० उचली करीत राहिल्याने बळ वाढत नाही.

असमान बाजूसाठी नियम असा : सुरुवात नेहमी कमजोर बाजूने करा. तिला जितके जमेल तितकेच सशक्त बाजूला द्या, जास्त नको. फार फरक असेल तर कमजोर बाजूला एक फेरा अधिक. उसात नांग्या पडल्या तर आपण नांग्या भरतो, साऱ्या शेतात पुन्हा लागण करीत नाही. तसेच हे.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत जोर वाढलेला वाटतो तो बहुतेक मज्जासंस्था शहाणी झाल्यामुळे. स्नायू भरायला त्याहून अधिक काळ लागतो. सहा ते आठ आठवडे नेट लावा आणि पुन्हा परीक्षा घ्या. दुसऱ्या दिवशी स्नायू जड वाटला तर चालेल. सांध्यात कळ आली आणि ती वाढू लागली, तर मात्र प्रमाण कमी करा.

कामातले बदल

ओझे दोन हातांत वाटून घ्या. दोन बादल्या एका बादलीपेक्षा सोप्या. एकच असेल तर हात बदलत राहा. तोडणीत जमेल तेव्हा पुढचा पाय बदला. मोळी उचलताना ती पायांजवळ घ्या, कुल्ले मागे ढकला, मग उठा. फळीवर चढणाऱ्या भगिनींच्या मोळ्या बेताच्या बांधा. घाईने मोठी मोळी दिली की जोर कोठून आणायचा? भरतीच्या मुला-मुलींनी रोज दिशा बदलावी आणि शक्य तेथे सपाट मैदानावर धावावे. एकदम अंतर वाढवू नये. कवायतीत ३० इंचांचे पाऊल टाकताना कमी उंचीच्या मुलींना पाय ताणावा लागतो. इतर देशांच्या सैन्यांत अशा मुलींच्या कटोऱ्याच्या हाडाला बारीक भेगा पडल्याचे दिसून आले आहे. म्हणून जांघेत किंवा कुल्ल्यात सतत ठणका असेल तर ‘सवय होईल’ असे म्हणून पळवत राहू नये.

ज्यांचा खुबा दुखतो अशा वडीलधाऱ्यांनी काठी दुखऱ्या बाजूच्या उलट हातात धरावी. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. वरचा हिशेब आठवा, कारण लक्षात येईल. ओझे मात्र दुखऱ्या बाजूच्याच हातात घ्यावे.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पायाचा पंजा उचलेना, पडल्यावर पायावर भार देता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. रात्री झोपू न देणारी कळ, तापाबरोबर दुखणे, लहान मुलाचे लंगडणे, हेही अंगावर काढू नये. दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि दारूचे व्यसन असणाऱ्यांना जांघेत दुखू लागले तर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडलेला असू शकतो. तेथे व्यायामाने काम होत नाही, तपासणीच हवी.

बंधू-भगिनींनो, ऊस तोडणीला आला की आपण वाहनाची हवा, तेल, कमानीचे पाटे तपासतो. ज्याच्या अंगाच्या जोरावर ते वाहन भरते त्याची तपासणी मात्र हंगाम संपल्यावर, तो आडवा पडल्यावर होते. या वेळी क्रम बदलू या. पट्टा पडण्याआधी सहा आठवडे आपल्या हाती आहेत. गट कार्यालयात आलात तर काठी लावून वाकण्याची पद्धत आम्ही प्रत्यक्ष करून दाखवू. टोळीच्या मुकादमांनाही बरोबर आणावे, आणि तोडणीच्या बायाबापड्यांना विसरू नये. सर्वांत जड मोळी त्यांच्याच डोक्यावर असते.